न कमावलेलं कातडं

बाबांच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की रंग काय सुरेख चढलाय. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. आमचं बूट शिवायचं दुकान आहे. चामड्यावर असा काळा रंग आणायला मला तीन-तीन हात मारावे लागतात, आणि तरी कडेला तपकिरी झाक राहायची ती राहतेच. इथं मात्र नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत एकसारखा काळा, आणि जिथं काळं संपत होतं तिथं आखल्यासारखी स्पष्ट कड.

"दुखतंय?" मी विचारलं.

"छे."

मी नखानं हळूच टोकरलं. लाकडावर वाजावं तसं वाजलं. बोट आक्रसून सुकलेल्या मनुक्यासारखं झालं होतं, आणि गारही लागत होतं.

"आता?"

"नाही म्हटलं ना. दुखत नाही म्हणजे बरं होतंय. कामाला लाग, रापी."

रापी म्हणजे आमची चामडं कापायची सुरी. बाबा मला लहानपणापासून रापी म्हणतात, माझ्या जिभेवरून. मी आता बेचाळीस वर्षांची आहे, नवऱ्याचं घर सोडून दुकानात परत आले त्याला अकरा वर्षं झाली, तरी ते नाव काही सुटलं नाही. वरची कातडी मी कापते, शिवण बाबांची. त्यांचं पायमशीन खिडकीपाशी आहे आणि उजवा पाय पॅडलवर पडला की सगळं दुकान त्या तालावर चालतं.

करंगळीचं हे प्रकरण कशानं झालं तेही मला ठाऊक होतं. बाबांची एक खोड आहे. नवा जोड घट्ट निघाला तर तो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते स्वतः दोन दिवस पायात घालून फिरतात, मोकळा करतात, आणि मग देतात. चावणारा बूट दुकानाबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम. बॅन्डवाल्यांचे चौदा जोड करायचे होते, त्यातला पहिलाच घट्ट झाला. बाबांनी तो चार दिवस घातला, घरात, दुकानात, बाजारात, आणि "अजिबात चावत नाही, लोण्यासारखा आहे" म्हणून सर्टिफिकेट देऊन टाकलं. बॅन्डमास्तर दुसऱ्या दिवशी लंगडत परत आला. बाबा त्याच्याशी भांडले. बूट बरोबर आहे, तुझा पाय वाकडा आहे, म्हणाले. त्याच आठवड्यात बाबांच्या करंगळीवर फोड आलेला मला दिसला. तो फुटला, सुकला आणि काळा झाला.

पंधरा वर्षांची शुगर आहे त्यांना. गोळ्या घेतात, मी आठवण केली तर. विड्या सुटल्या, पण चाळीस वर्षं ओढून झाल्यावर. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, चौदा जोड होऊ देत. एरवी मी ऐकलं नसतं. पण माझं इथंच चुकलं. मी हट्ट धरला नाही, कारण मनातून मला वाटत होतं की यात डॉक्टरला काय कळणार, हे तर आपल्याच धंद्यातलं काम. कातडं कोरडं पडलंय, कडक झालंय. कडक चामड्याला भेग जाते, आणि भेग गेली की तो तुकडा गेला. त्याला काय लागतं हे मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे.

म्हणून मी सुरू केलं. रोज संध्याकाळी दुकान आवरलं की कोमट पाण्याचं घमेलं, त्यात पाय अर्धा तास. मग पुसून, दुकानातलं तेल आणि मेण एकत्र कोमट करून करंगळीवर आणि भोवती बोटानं जिरवायचं, घाई न करता, गोल गोल. मग ओलसर फडकं गुंडाळायचं, वर प्लास्टिक, म्हणजे ओल उडून जाणार नाही. वाळून लाकूड झालेल्या जुन्या बुटांना मी असं करूनच जिवंत केलंय. लोक टाकून द्यायला निघालेले असतात आणि आठवड्यानं त्यांना तो बूट ओळखू येत नाही.

खाली पाटावर बसून, बाबांचा पाय मांडीवर घेऊन मी हे करत असे. तो तासभर बाबा बोलायचे. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या तळव्यातून खिळा काढण्याइतकं अवघड. पण तेव्हा कुठल्या गिऱ्हाइकाचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा होता, आई दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पायात काय होतं, सगळं सांगायचे. मध्येच म्हणायचे, "बरं वाटतं गं. हात लागला की आतून मोकळं वाटतं."

बाराव्या दिवशी करंगळी नरम पडली. मी बोटानं दाबली तर दबली. मला इतका आनंद झाला की मी स्वतःला शाबासकी दिली. काळा रंग थोडा हिरवट, राखाडी झाला होता, शेजारचं बोट सुजलं होतं, आणि ती आखल्यासारखी कड पुसट झाली होती. मी म्हटलं, कड पुसली म्हणजे काळं विरघळतंय. शहाणपण एवढं उतू चाललं होतं माझं.

सोळाव्या दिवशी पोस्टमन आला. त्याचे बूट आम्हीच दुरुस्त करतो, दर दोन महिन्यांनी टाचा झिजवून आणतो. दारातच थबकला आणि नाकाला रुमाल लावला.

"काहीतरी मेलंय तुमच्याकडे," तो म्हणाला. "उंदीर असणार."

आम्ही दोघांनी हुंगून बघितलं. आम्हाला काही कळेना. कसं कळणार? आमच्या दुकानात कातडी, खळ, डिंक, रंग, तेल यांचा वास एकमेकांत मुरून वर्षं झालीत. परक्या माणसाला दारात जो वास येतो तो आम्हाला श्वासासारखा झालाय. पण पोस्टमन थाप मारणारा नव्हे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि उंदीर शोधायला लागले.

कपाट सरकवलं. बूट ज्यांच्यावर बेततो त्या लाकडी पावलांची मांडणी रिकामी केली, एकशे वीस पावलं, एकेक उचलून बघितलं. पोटमाळ्यावर चढले. कातडीच्या गुंडाळ्या उलगडल्या. बाबा मशीनशी बसल्या बसल्या सूचना देत होते, तिकडे बघ, मागे बघ, तुला डोळे आहेत की बटणं. मी म्हटलं, तुम्ही जरा नाक चालवा, पाय नका चालवू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. दुपारी सगळीकडे बघून झाल्यावर फक्त मशीनखालची जागा उरली. मी ओणवी होऊन आत डोकं घातलं.

माझं नाक बाबांच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर आलं.

मी तशीच ओणवी राहिले. पॅडल खाली-वर होत होतं. फडक्यावर पिवळट डाग आला होता, आणि पावलाच्या वरच्या बाजूला लाली चढून घोट्याच्या दिशेनं निघाली होती.

"सापडला का उंदीर?" बाबांनी वरून विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. "चला, उठा."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी फडकं सोडलं आणि एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं. बाबांना तोवर ताप चढला होता आणि अंग थरथरत होतं.

"काका, हे चिकट काय आहे? तेल?"

"हो."

"कुणी लावलं?"

"मीच," बाबा म्हणाले.

माझं तोंड उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ते मिटलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. घाईत होत्या, पण मी विचारत राहिले तसं हात चालवता चालवता सांगत गेल्या. गँगरीन हा शब्द मी ऐकलेला होता. त्यात सुकं आणि ओलं असतं हे मात्र मला माहीत नव्हतं. सुक्यात रक्त पोचायचं बंद होतं. रक्त नाही म्हणजे खायला नाही, प्यायला नाही, तेवढा भाग उपाशी मरतो आणि तिथंच वाळतो. जिवंत भाग आणि मेलेला भाग यांच्यामध्ये शरीर आपणहून कड आखतं. नीट कोरडं ठेवलं तर असं बोट कधीकधी आपलं आपण गळूनही पडतं.

"आणि ओल्यात?"

"ओल्यात जंतू शिरतात. मेलेल्या मांसावर पोसतात आणि मग कड ओलांडून जिवंताकडे सरकतात. त्याला थांबायचं माहीत नसतं."

"सुक्याचं ओलं कशानं होतं?"

"ओलाव्यानं. पाण्यात भिजवलं की, झाकून ठेवलं की." त्या बाबांकडे वळल्या. "तेल चोळलं की. काका, तुमचं बोट गेलेलंच होतं, पण बहुधा बोटावर निभावलं असतं."

बाबा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखे खाली बघत होते. मी भिंतीला टेकले.

मग डॉक्टरबाईंनी पेन घेतलं आणि लाली जिथं संपत होती तिथून पावलाभोवती एक रेघ काढली. शेजारी वेळ लिहिली. सलाइनमधून औषध सुरू केलंय, म्हणाल्या, दोन तास बघू. लाली रेघेच्या आत राहिली तर पंजाचा पुढचा भाग काढावा लागेल, टाच वाचेल, आणि पायाची बंद पडलेली रक्तवाहिनी आतून फुगा घालून उघडायचा प्रयत्न करू. लाली रेघ ओलांडून घोट्यावर चढली, तर मग गुडघ्याखालून.

"टाच राहिली तर पॅडल मारता येईल?" बाबांनी विचारलं.

"काका, आधी जीव."

"ते झालंच. पण येईल का?"

"टाचेनं येईल कदाचित," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी स्टूल ओढून त्या रेघेसमोर बसले. आयुष्यभर मी चामड्यावर रेघा मारत आलेय, आणि रेघ मारली की रापी तिच्यावरून जाते, एवढंच मला माहीत. रेघेनं आपल्याला घाबरवावं हे पहिल्यांदा घडत होतं. मी डोळा न हलवता बघत होते. कधी वाटायचं लाली सरकली, कधी वाटायचं डोळ्यांचाच खेळ. शेवटी मी अंगठ्याचं नख लावून मोजायला लागले, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला, वर.

"रापी," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "कुणी विचारलं तर मीच केलं सांगायचं."

"मी सांगणार आहे त्यांना."

"सांगून पाय परत येणार आहे का? उगाच तुला नावं ठेवतील. गप्प बस."

आणि मी गप्प बसले. ज्या बाईला गप्प बस म्हटलेलं उभ्या जन्मात मानवलं नाही, नवऱ्याचं घरसुद्धा त्याच शब्दापायी सुटलं, तिनं त्या दिवशी एका फटक्यात ऐकलं. कारण मला ऐकायचंच होतं. भीती वाटत होती मला, आणि तेवढ्या भीतीत बाबांचा आडोसा मिळाला तो मी घेतला.

दोन तासांनी लाली रेघेच्या आत होती. एका जागी, बाहेरच्या बाजूला, गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर आली होती. डॉक्टरबाईंनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "चला, टाच वाचवू."

ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसले होते. त्या बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "कापलेलं मला बघता येईल?"

"कशाला, ताई?"

"कातडं बघितल्याशिवाय मला काही समजत नाही."

त्या जरा घुटमळल्या, मग मला एका खोलीत घेऊन गेल्या. तपासणीला पाठवायच्या आधीचा ट्रे होता. माणसाचं आहे, बाबांचं आहे, हे मनाला बजावून मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, थोड्या वेळानं भीती मागे पडली आणि माझे डोळे कामाला लागले. करंगळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. शेजारचं बोट सुजून फुगलेलं. कापाच्या जागी एक बारीक पांढरी नळी दिसत होती. त्यांनी ती चिमट्यानं दाखवली. ती रक्तवाहिनी होती, बुटाच्या नाडीचं टोक असतं ना तेवढी कडक झालेली.

"यातून रक्त कुठून जाणार?" त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं आतून चुना साठत गेलाय. बूट निमित्त झाला."

"मरतं म्हणजे नेमकं काय होतं?"

त्यांना प्रश्न आवडला असावा, कारण त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मरणं तसं अंगात रोजचंच आहे. पेशी रोज मरतात, पण आवरून, कचरा मागे न ठेवता. आईच्या पोटात बाळाचा हात आधी पंख्यासारखा असतो, मग बोटांच्या मधलं मांस ठरल्या वेळी मरतं, म्हणून बोटं सुटी होतात. ते मरण शिस्तीचं. हे तसलं नाही. हे उपासमारीचं, पेशी फुटतात आणि आतलं सगळं बाहेर सांडतं.

मी माझे हात बघितले. दहा बोटं, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये काहीतरी मेलेलं. गंमतच आहे. या वयापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि काळं का?"

"रक्तात लोखंड असतं. रक्त साकळून फुटतं, कुजण्याचा वायू त्या लोखंडाला लागतो, की काळा रंग तयार होतो."

"आम्हीपण लोखंडानंच काळं करतो," मी म्हटलं. "गंजके खिळे सिरक्यात टाकून ठेवायचे. महिन्यानं ते पाणी चामड्यावर फिरवलं की डोळ्यांदेखत काळं होतं."

"खरंच? कुठल्याही चामड्यावर?"

"नाही, कमावलेल्यावरच. झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरवून कमावतात ना, त्या सालीचा रस आत असतो म्हणून रंग धरतो. कच्च्या कातड्यावर चढत नाही. कच्चं कातडं वेगळं. त्याला तर मीठ लावून कडक वाळवायचं असतं. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, ओल राहिली तर दोन दिवसांत ते…"

मी तिथंच थांबले.

तेल कमावलेल्या चामड्याला. कच्च्याला ओल लागू द्यायची नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, बाबांनी मला आठव्या वर्षी शिकवलेला, एक भिजलेलं कातडं नाकाशी धरून. चामडं कुजत नाही, कारण ते कमावलेलं असतं. बाबांचा पाय कुणी कमावला होता? मला माहीत होतं. डॉक्टरबाईंना विचारायचीसुद्धा गरज नव्हती. सगळं मला आधीपासून माहीत होतं आणि मी चुकीच्या खणात हात घातला.

"ते काय?" त्यांनी विचारलं.

"कुजतं," मी म्हटलं. मी पुढचं बोलणारच होते, पण कुणीतरी त्यांना बोलवायला आलं आणि त्या गेल्या. त्यांच्या मागे धावत जाऊन सांगता आलं असतं. मी गेले नाही.

तीन आठवड्यांनी टाके काढायला गेलो. फुग्यानं वाहिनी उघडली होती, जखम गुलाबी होती, रक्त पोचतंय म्हणाले. ड्रेसिंगच्या खोलीत एक जाडसर सिस्टर होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी कागद बघितला आणि बाबांना म्हटलं, "तुम्हीच ना ते तेलवाले काका?"

"हो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी बाबांची जी हजेरी घेतली ती घेतली. आता डावा पाय सांभाळायचा आहे, म्हणाल्या, त्याच्याही वाहिन्या तशाच आहेत. भिजत ठेवायचा नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचा. रोज तळवा आरशात बघायचा. काही काळं, लाल, ओलं दिसलं तर त्याच दिवशी इथं यायचं, घरचे उद्योग करायचे नाहीत. कळलं? बाबा मान डोलवत होते. मी मागे भिंतीशी उभी होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ज्याला खाली वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही त्या माणसाला त्या शिकवत होत्या, आणि ज्या बाईनं उद्योग केले ती भिंतीशी पिशवी धरून उभी.

"डावा कसा आहे?"

"ठणठणीत," बाबा म्हणाले. "सगळं कळतं."

"बघू." सिस्टरनी एक दांडी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ दोरा, मासे पकडायच्या गळाला असतो तसला. "डोळे मिटा. दोरा टेकला की हो म्हणा."

बाबांनी डोळे मिटले. दोरा अंगठ्याला टेकला, वाकला.

"हो."

दुसऱ्या बोटाच्या मुळाशी.

"हो."

तळव्याच्या मध्ये. "हो." सिस्टरनी पुढच्या वेळी हात उचलला, पण टेकवला नाही. दोरा हवेतच.

"हो," बाबा म्हणाले.

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या.

"हो," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं, अगदी तेवढ्याच वेळानं, "हो." पॅडलचा ताल होता तो. चेहरा तर असा, की जणू प्रत्येक टाका मोजून घेतायत.

"उघडा डोळे, काका."

"सगळे बरोबर?"

"शेवटच्या तीन वेळा मी हातच लावला नव्हता."

बाबांनी पायाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"कधीपासून कळत नाही?" सिस्टरनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता त्यांचा.

"झाली तीन-चार वर्षं."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही."

"आणि माझं तेल?" माझ्या तोंडून निघून गेलं. "हात लागला की आतून मोकळं वाटतं म्हणत होता ते? रोज म्हणत होता, बाबा."

सिस्टर सावकाश माझ्याकडे वळल्या. "तुमचं तेल?"

"माझं," मी म्हटलं. "यांनी काही केलं नाही. भिजवलं मी, तेल मी लावलं, ओलं फडकं मी बांधलं, सोळा दिवस. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे खोटं बोलले आणि मी बोलू दिलं." इतका राग आला होता मला, बाबांचा आणि माझा, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. "का म्हणालात तुम्ही बरं वाटतं? काही कळत नाही एवढं एक वाक्य बोलला असतात, तर त्याच दिवशी ओढत आणलं असतं मी इथं."

बाबांनी नजर खिडकीवरून माझ्याकडे वळवली.

"काही कळत नाही म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर तू उठून गेली असतीस."

सिस्टरनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. मग त्या स्टुलावरून उठल्या, बाजूला झाल्या आणि दांडी माझ्यापुढे धरली.

"बसा इथं," त्या मला म्हणाल्या. "एवढा वेळ मी भलत्यालाच शिकवत होते. पाय मांडीवर घ्या. दोरा वाकेपर्यंत टेकवायचा, चोळायचा नाही. काका, डोळे मिटा. आणि आता खरं."

मी बसले. बाबांचा डावा पाय मांडीवर घेतला. जड होता, गार होता, पण कातडी शाबूत होती, सगळी पाच बोटं जागेवर. मी अंगठ्याला दोरा टेकवला. तो वाकला. बाबा गप्प. करंगळीला टेकवला. गप्प. तळव्याच्या उंचवट्यावर, मध्ये, कडेला. त्यांचे ओठ दोनदा हलले, हो म्हणायची सवय जिभेवर आली होती ती त्यांनी गिळली. टाचेला टेकवला. काही नाही. सिस्टरनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वर सरकत गेले, घोट्याचं हाड ओलांडलं, त्याच्या वर दोन बोटं आतल्या बाजूला दोरा टेकवला, आणि बाबांचा श्वास मध्येच थांबला.

"इथं," ते म्हणाले. "इथं, खरंच."

मी खात्रीसाठी परत तिथंच टेकवला. त्यांनी मान हलवली. मग मी दोरा उचलला, हवेत तसाच धरला आणि वाट बघत बसले. बाबा डोळे मिटून होते, आणि काही बोलले नाहीत.